हातघडणीच्या शाईपेनांची टोपणे : कोणते मागवावे आणि का

हाताने घडवलेले एबोनाइटचे शाईपेन मागवताना गिऱ्हाइकाचे बहुतेक लक्ष रंगावर आणि निबेवर असते. टोपणाचा विचार शेवटी होतो आणि तोही बहुधा छायाचित्रे पाहून होतो : क्लिप हवी की नको, माथा सपाट हवा की गोल, कडेला धातूचे कडे शोभेल की नाही. पेन हाती आल्यावर मात्र रंगाची सवय चार दिवसांत होऊन जाते, निबही हाताशी जुळते आणि दिवसातून अनेक वेळा ज्याच्याशी गाठ पडते ते टोपणच असते. ते उघडायला किती वेळ लागतो, खिशात ते नीट बसते का, दोन दिवसांनी उघडल्यावर पहिले अक्षर उमटते का, या गोष्टींवर ते पेन रोजच्या वापरात राहणार की कपाटात जाणार हे ठरते. माझ्या वापरात दक्षिणेतील वेगवेगळ्या कारागिरांनी कातलेली, वेगवेगळ्या टोपणांची पेने आहेत आणि त्यांतील बहुतेक ड्रॉपरने थेट नळीत शाई भरण्याची आहेत. त्यांच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे. येथे चर्चा टोपणाचीच आहे. निबांबद्दल पुष्कळ लिहिले जाते, टोपणांबद्दल फारच थोडे.

एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक मिसळून आणि तापवून केलेला कठीण पदार्थ. तो लेथवर सुरेख कातला जातो, हाताला धातूसारखा गार लागत नाही आणि वजनाला हलका असतो. आपल्या देशात या पेनांची परंपरा प्रामुख्याने आंध्र, तेलंगण आणि तमिळनाडूत टिकली. राजमहेंद्रीचे रत्नम, हैदराबादचे डेक्कन पेन स्टोअर्स आणि चेन्नईजवळच्या तिरुवळ्ळूरचे रंगा ही नावे या छंदातील प्रत्येकाला ठाऊक असतात. राजमहेंद्री गोदावरीच्या काठी आहे, म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी नदी समुद्राजवळ पोहोचते तेथे. रत्नम यांनी केलेले स्वदेशी पेन वापरून 1935 साली गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना पत्र लिहिले आणि बाजारातील विदेशी पेनांना हा चांगला पर्याय असल्याचे कळवले. त्या काळापासून आजपर्यंत या पेनांचा मूळ साचा फारसा बदललेला नाही : जाड नळी, साधी निब आणि आट्यांनी फिरवून लावायचे टोपण. बदलली आहे ती गिऱ्हाइकाची पसंती, आणि ती सर्वाधिक दिसते ती टोपणातच.

क्लिपपासून सुरुवात करू. आपल्याकडे पेनाची जागा शर्टाचा किंवा सदऱ्याचा खिसा ही आहे. कचेरीतला माणूस, वकील, शिक्षक, तलाठी, सगळ्यांचे पेन छातीपाशी अडकवलेले असते. त्यामुळे जुन्या भारतीय पेनांवर क्लिप असणे हे गृहीतच असे, आणि स्थानिक गिऱ्हाईक आजही बहुधा क्लिपवालेच पेन मागते. परदेशातून मागणी येऊ लागल्यावर चित्र बदलले. तिकडे शौकाने घेतलेले पेन चामड्याच्या पाकिटात ठेवण्याची पद्धत आहे. पाकिटात क्लिपचा उपयोग नसतो, उलट ती शेजारच्या पेनाला घासते. म्हणून अखंड, गुळगुळीत, क्लिपविरहित टोपणाला मागणी वाढली आणि तीच छायाचित्रे पाहून आपल्याकडचे नवे शौकीनही तसेच पेन मागवू लागले. रंगासारखे कारागीर एकाच घाटाचे पेन क्लिपसह आणि क्लिपशिवाय असे दोन्ही प्रकारे देतात, ही गिऱ्हाइकाची मोठी सोय आहे. पण ही निवड केवळ दिसण्याची आहे असे समजून ती करू नये, कारण क्लिप बसवली की टोपणाची अंतर्गत रचनाच बदलते.

हातघडणीच्या पेनावर क्लिप बहुधा अशी बसवतात : पोलादी किंवा पितळी पट्टीच्या वरच्या टोकाला एक कडी असते, ती टोपणाच्या माथ्यावर ठेवतात आणि वरून एबोनाइटचाच एक छोटा गट्टू आट्यांनी पिळून ती दाबून धरतात. म्हणजे क्लिपवाल्या टोपणाच्या माथ्याला सांधा असतो. हा सांधा पक्का असेल तर काहीच अडचण नाही. तो सैल असेल तर दोन गोष्टी होतात. एक तर क्लिप डावी-उजवीकडे फिरू लागते. दुसरी गोष्ट लवकर लक्षात येत नाही : त्या फटीतून हवा आत-बाहेर जाते आणि निबेवरची शाई वाळते. माझ्याकडील एका पेनाचे पहिले अक्षर सकाळी कधीच उमटत नसे. मी निबेला दोष देत राहिलो नाही, कारण निब पाण्याने धुतल्यावर ती लगेच वाहत असे. टोपणाचा माथा तपासला, तर गट्टू पाऊण फेरा मोकळा होता. रबराचा तुकडा धरून तो घट्ट पिळल्यावर तक्रार संपली. नवे पेन आल्यावर प्रत्येकाने एक चाचणी करावी. कोरडे, स्वच्छ टोपण ओठांशी धरून आतली हवा ओढावी. टोपण ओठाला चिकटून राहिले, तर माथा हवाबंद आहे. हवा येत राहिली, तर सांधा सैल आहे आणि ते कारागिराला लगेच सांगावे.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. शाळकरी मुलांच्या पेनांच्या टोपणाला माथ्याशी छिद्र असते, ते मुलाने टोपण गिळले तरी श्वास चालू राहावा यासाठी. त्याबद्दल आयएसओ 11540 हे आंतरराष्ट्रीय मानकच आहे. हातघडणीच्या पेनात असे छिद्र नसते, म्हणून ही पेने लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.

क्लिप नसलेले टोपण एकाच कांडीतून आतून कोरून काढता येते. त्याला माथ्याशी सांधा नसतो, त्यामुळे गळतीचा प्रश्नच उद्भवत नाही. दिसण्यातही त्याचे समाधान वेगळे आहे. तरंगांच्या नक्षीचे एबोनाइट असेल, तर तपकिरी आणि काळ्या रेषा माथ्यावरून खाली अखंड उतरत जातात आणि मध्ये कोठेही धातूची पट्टी आडवी येत नाही. अडचण एकच आहे, पण ती रोजची आहे : गोल पेन उताराच्या टेबलावर घरंगळते. निबेवर पडलेले पेन दुरुस्त करणे हे नवे घेण्याइतकेच जिकिरीचे असते. जपानमधील नाकाया हा कारखाना एबोनाइटवर उरुशी लाखेचे थर चढवून जी पेने करतो, त्यांत क्लिपवाला आणि क्लिप नसलेला असे दोन्ही घाट पूर्वीपासून आहेत. दुसऱ्या प्रकारच्या टोपणावर घरंगळू न देणारी धातूची छोटी आकृती बसवून घेण्याची सोयही तेथे आहे. आपल्याकडे असे कोणी मागत नाही, पण मागावे. टोपणाच्या एका बाजूला अंगठ्याच्या नखाएवढा सपाट घासा मारून देणे कोणत्याही कातकाम करणाऱ्याला अवघड नाही, आणि त्याने पेनाचे आयुष्य वाढते.

माथ्याच्या आकाराबद्दल फार काही म्हणण्यासारखे नाही. 1921 साली आलेल्या पार्करच्या ड्युओफोल्डने सपाट माथा प्रतिष्ठित केला. 1929 मध्ये शेफरने दोन्ही टोकांना निमुळते होत जाणारे बॅलन्स काढले आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक कंपन्यांनी तो वळणदार घाट उचलला. भारतीय कारागिरांनी दोन्ही आत्मसात केले आणि दोन्ही आजही कातले जातात. सपाट माथ्याचे पेन निब वर करून टेबलावर उभे ठेवता येते, हा त्याचा खरा फायदा. निमुळते टोपण हातात आणि नजरेला अधिक सुखद असते, पण तो घाट साधण्यासाठी टोपण लांब करावे लागते आणि सदऱ्याच्या खिशातून ते बरेच वर डोकावते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांच्या गणवेशाचा खिसा झाकणासह बंद व्हावा म्हणून क्लिप टोपणाच्या अगदी माथ्यावरून वळवून खाली आणलेली पेने निघाली होती, ती याच अडचणीमुळे. खिशात पेन बाळगणाऱ्याने क्लिपची उंची आधी विचारून घ्यावी. माथा आणि क्लिपची कडी यांत जेवढे अंतर, तेवढे पेन खिशाबाहेर राहणार.

आता आट्यांकडे वळतो, कारण माझ्या मते टोपणाचा कस तेथेच लागतो आणि नेमका त्याचाच विचार गिऱ्हाईक करत नाही. पेन उघडताना टोपण किती फेरे फिरवावे लागते, हे आट्याच्या जातीवर अवलंबून असते. एकेरी आट्यात पेनाभोवती एकच खाच गोल गोल चढत जाते. दोन खाचांमधील अंतर 0.8 मिमी असेल आणि टोपण 3 मिमी वर सरकल्याशिवाय सुटत नसेल, तर पावणेचार फेरे द्यावे लागतात. तिहेरी आट्यात तीन खाचा एकाच वेळी शेजारीशेजारी चढतात, त्यामुळे एका फेऱ्यात टोपण 2.4 मिमी सरकते आणि तेच काम सव्वा फेऱ्यात होते. परदेशातील बहुतेक स्वतंत्र कारागीर आज 12 किंवा 13 मिमी व्यासाचा तिहेरी आटा वापरतात. आपल्याकडील जुन्या पद्धतीच्या पेनांत एकेरी आटा अनेकदा आढळतो.

सलग तासभर लिहिणाऱ्याला पावणेचार फेऱ्यांचे काही वाटणार नाही. बैठकीत मधूनमधून टिपणे घेणाऱ्याला, रुग्णामागून रुग्ण तपासून औषधे लिहिणाऱ्या डॉक्टरला ते असह्य होते. मग तो टोपण अर्धवट फिरवून ठेवतो, ते खिशात सुटते आणि शर्टावर डाग पडतो. अशा गिऱ्हाइकाने तिहेरी आटाच मागावा. पण एकेरी आट्याचीही एक जमेची बाजू आहे, आणि ती कळल्यापासून माझे त्याबद्दलचे मत बदलले. एकेरी आट्याचे टोपण दर वेळी त्याच जागी येऊन थांबते. म्हणजे क्लिप नेहमी निबेच्या रेषेत येते आणि एकाच कांडीतून कातलेल्या टोपणाच्या व नळीच्या तरंगरेषा दर वेळी जुळतात. तिहेरी आट्याचे टोपण तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून चढू शकते, त्यामुळे तिनांपैकी एकदाच नक्षी जुळते. ज्याने नक्षीसाठीच पेन घेतले आहे, त्याने जास्तीचे फेरे आनंदाने स्वीकारावेत.

आटे कातले कसे आहेत हे बोटाने कळते. टोपण काढून निबेमागच्या पकडीच्या भागावरून बोट मागे सरकवावे. चांगल्या कामात आट्यांच्या कडा किंचित मोडलेल्या असतात, बोटाला बारीक लहर जाणवते, टोचत नाही. घाईच्या कामात कडा धारदार राहतात. जे लोक पेन निबेपासून दूर धरतात त्यांची मधली बोटे नेमकी आट्यांवर येतात आणि दोन पाने लिहून झाली की कातडीवर रेघा उमटतात. अशांनी मागणी नोंदवतानाच आटे मागे घ्यायला किंवा पकडीचा भाग लांब ठेवायला सांगावे. कारागिराला हे पेन कातण्यापूर्वी सांगितले तर त्याचे काहीच अडत नाही. नंतर त्याला काही करता येत नाही.

टोपण पूर्ण फिरवल्यावर ते आत कशाला टेकते, हीदेखील पाहण्याची गोष्ट आहे. उत्तम टोपणात आतल्या बाजूला एक पायरी कोरलेली असते आणि ती पकडीच्या भागाच्या पुढच्या कडेला जाऊन बसते. त्यामुळे निब अगदी लहान, बंद पोकळीत राहते आणि शाई वाळत नाही. मापात थोडी चूक झाली, तर टोपणाची बाहेरची कड नळीवर आधी टेकते आणि आतली पायरी अधांतरी राहते. वरून पाहणाऱ्याला दोन्ही टोपणे सारखीच घट्ट वाटतात. जपानच्या प्लॅटिनम कंपनीने 2011 पासून आपल्या सेंच्युरी पेनांच्या टोपणात स्प्रिंगवर दाबले जाणारे आतले टोपण बसवले, ते याच गोष्टीची खात्री करण्यासाठी. हातघडणीत स्प्रिंग नसते. तेथे सगळा भरवसा कारागिराच्या मोजमापावर असतो. वैशाखात नागपूर-अकोल्याकडच्या कोरड्या हवेत या पायरीची खरी परीक्षा होते. कोकणातल्या पावसाळ्यात वाईट टोपणही खपून जाते.

दाबून लावायच्या टोपणाची मागणीही अधूनमधून होते, कारण ते एका हालचालीत उघडते. 1941 साली बाजारात आलेल्या पार्कर 51 ने हा प्रकार जगभर लोकप्रिय केला आणि त्या पेनात तो उत्तम चालतो, कारण टोपण धरून ठेवणारी धातूची पकड त्यासाठीच घडवलेली आहे. ड्रॉपरने शाई भरायच्या एबोनाइटच्या पेनाला मात्र मी तो सुचवणार नाही. अशा पेनाच्या नळीत दोन ते चार मिलिलिटर शाई मावते आणि ती संपत येते तसतशी उरलेली जागा हवेने भरते. घट्ट दाबलेले टोपण झटक्यात ओढले की आत क्षणभर पोकळी होते आणि ती निबेखालच्या जिभेतून शाई बाहेर खेचते. टोपणाच्या आतल्या बाजूला लागलेले हे थेंब पुढच्या वेळी पकडीवर आणि तेथून बोटांवर येतात. फिरवून उघडायच्या टोपणात दाब हळूहळू सुटतो, म्हणून हा त्रास कमी होतो. पेन उभे धरून उघडण्याची सवय लावली, तर तो जवळजवळ नाहीसाच होतो. आपल्या जुन्या कारागिरांनी ड्रॉपरच्या पेनाला आट्यांचे टोपण लावले, यामागे अनुभवाचे शहाणपण आहे आणि आधुनिक सोयीच्या नावाखाली ते सोडू नये असे मला मनापासून वाटते.

टोपणाच्या कडेवरचे धातूचे कडे हा हल्ली नावडता झालेला भाग आहे. नव्या गिऱ्हाइकांना ते जुनाट किंवा भडक वाटते. ते मुळात शोभेसाठी आलेले नाही. टोपणाची कड हा त्याचा सर्वांत नाजूक भाग असतो. आतून आटे कोरलेले असल्याने भिंत तेथे पातळ होते आणि टोपण जोराने पिळले किंवा पडले तर तडा तेथूनच जातो. कडे त्या भागाला बांधून ठेवते. कडे नको असेल, तर कड जाड ठेवावी लागते आणि मग टोपण नळीपेक्षा ठळकपणे फुगीर दिसते. काही छायाचित्रांत टोपण आणि नळी एका रेषेत, कडेविना आणि कड्याविना दिसतात आणि तसेच पेन हवे असा आग्रह गिऱ्हाईक धरते. तो आग्रह पुरा करायचा तर संपूर्ण पेनच जाड करावे लागते किंवा टोपणाची भिंत पातळ करावी लागते. लहान हाताच्या माणसाने यापैकी पहिले टाळावे आणि कोणीही दुसरे मागू नये.

लिहिताना टोपण मागे लावण्याची सवय आपल्याला शाळेतच लागली. टोपण हरवू नये म्हणून घरचे आणि गुरुजी दोघेही तेच सांगत. हातघडणीची बहुतेक पेने त्यासाठी बनवलेली नसतात. नळीचे टोक निमुळते असते, टोपण तेथे डुगडुगते आणि पेनाचा तोल मागे जातो. जोर लावून बसवले तर झिलईच्या एबोनाइटवर फिकट वर्तुळ उमटते, ते पुन्हा घासून काढल्याशिवाय जात नाही. ज्यांना टोपण मागे लावल्यावाचून लिहिताच येत नाही, त्यांनी नळीच्या टोकाला आखूड, सरळ पायरी कोरून मागावी. ती दिसायला साधी असते, पण टोपण तिच्यावर नीट बसते. खडबडीत, बिनझिलईचा पोत निवडला तर ओरखडेही दिसत नाहीत.

एबोनाइट उजेडात आणि दमट हवेत रंग बदलते. काळे पेन काही वर्षांनी हिरवट तपकिरी होते, आणि जुन्या पेनाचे टोपण काढले की त्याखाली झाकलेला नळीचा पट्टा तेवढा मूळचा काळाभोर दिसतो. नंतर बनवलेले टोपण म्हणूनच रंगाने क्वचितच जुळते. शिवाय हाताने कातलेल्या आट्यांना दुसऱ्या पेनाचे टोपण बसेलच असे नाही, त्याच कारागिराचे आणि त्याच घाटाचे असले तरीही; टोपण हरवले, तर पेन कारागिराकडे पाठवून त्याच्या आट्यांवरच नवे कातून घ्यावे लागते. ज्यांना क्लिप आणि अखंड टोपण यांपैकी एक निवडता येत नाही, त्यांनी मागणी नोंदवतानाच एका नळीसाठी त्याच कांडीतून दोन टोपणे करून मिळतील का, असे विचारावे : खिशासाठी क्लिपचे आणि टेबलासाठी अखंड. माझ्या एका पेनाला मी तशी दोन करून घेतली आहेत. त्यासाठी मोजलेली जास्तीची रक्कम निबेवर केलेल्या कोणत्याही खर्चापेक्षा अधिक उपयोगी पडली आहे.